शंभरातून सात: दिव्यांग कल्याण विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग, मंत्रालय, मुंबई
आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या वैद्यकीय मंडळांवर बसणारे मानसोपचारतज्ज्ञ

विषय: बायपोलर (मन कधी अति उंच, कधी खोल जाण्याचा आजार) असलेल्या माणसाची 'बरी' असतानाची अडचण मोजली न जाण्याबाबत

महोदय / महोदया,

गेल्या महिन्यात एका सरकारी रुग्णालयात दिव्यांग तपासणीला गेले होते. कुठल्या ते लिहीत नाही, माझं भांडण त्या एका रुग्णालयाशी नाही. तीन तास बाकड्यावर बसल्यावर नंबर लागला आणि आतलं काम दहा मिनिटांत उरकलं. आंघोळ स्वतः करता? करते. जेवण? स्वतः करते, इतरांनाही वाढते. आज वार कोणता? पंतप्रधान कोण? मग डॉक्टर म्हणाले, शंभरातून सात वजा करत जा. मी सुरू केलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. पासष्टला त्यांनी हात वर केला, पण मी थांबलेच नाही, थेट दोनवर जाऊन टेकले. एकवीस वर्षं लेखा शाखेत काढलीत हो मी. झोपेतून उठवून विचारलंत तरी वजाबाकी चुकणार नाही.

कागदावर आलं, 'स्मृती व एकाग्रता: सामान्य'. एकूण गुण सात. इथं जितके गुण जास्त, तितकं दिव्यांगत्व जास्त. आठ मिळाले असते तर ४० टक्के दिव्यांगत्वाची पायरी गाठली असती.

दार ओढून बाहेर आले तर शिपायानं एका दमात तीन कामं सांगितली. आधी खाली सात नंबरच्या खिडकीत झेरॉक्स द्या, मग रजिस्टरवर सही करा, मग पोर्टलचा नंबर घेऊन परत वर या. मी खाली गेले, झेरॉक्स दिली आणि एसटी पकडून घरी आले. सही आणि पोर्टलचा नंबर डोक्यातून पार पुसले गेले होते. निम्म्या वाटेत तिकीट ठेवायला पिशवी उघडली तेव्हा फाइल दिसली आणि पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तेवढ्यासाठी परत गेले. माझी 'सामान्य' स्मृती ज्यांनी लिहिली ते डॉक्टर त्या शिपायापासून दहा-बारा फुटांवर बसले होते.

हे पत्र त्या दहा-बारा फुटांबद्दल आहे.

थोडं माझ्याबद्दल. सव्विसाव्या वर्षी पहिला मेनिया, म्हणजे अति उत्साहाचा झटका, आला. तीन रात्री झोप नाही, कार्यालयातल्या सगळ्यांसाठी साड्या आणि शर्टपीस खरेदी, शेवटी भावानं दवाखान्यात नेलं. पुढं दोन वेळा खोल नैराश्य. मूड सांभाळणारं लिथियम हे औषध सुरू आहे, रक्तातली त्याची पातळी वेळच्या वेळी तपासते. गेल्या चार वर्षांत एकही झटका नाही. डॉक्टर मला 'स्टेबल' म्हणतात आणि ते खरंच आहे. घरी सासूबाई म्हणतात, देवाच्या कृपेनं आता सगळं पहिल्यासारखं झालं. तेवढं मात्र झालेलं नाही.

पूर्वी मी शेगडीच्या दोन्ही बाजूंना काम लावायची. एकीकडं कुकर, दुसरीकडं भाजी, मधल्या वेळात कणीक, आणि कानानं शिट्ट्या मोजणं चालूच. आता मी एका वेळी एकच पदार्थ करते. कुकर उतरल्याशिवाय भाजीला फोडणी नाही. म्हणून साडेपाचला उठते. कोणी मधेच विचारलं, 'आई, माझी ओळखपत्राची दोरी कुठंय?' की शिट्ट्यांचा हिशेब गेला. मूड उत्तम असतो, झोप झालेली असते, रडू येत नाही, बडबड नाही. फक्त दोन गोष्टी एकदम धरून ठेवायची जी मूठ असते डोक्यात, ती सैल झाली आहे. एखादा शासन निर्णय वाचायला घेतला तर तिसऱ्या परिच्छेदात पहिला निसटतो. ओळखीचा शब्द ऐन वेळी येत नाही. परवा स्टेपलरला मी 'ते चावणारं' म्हणाले, सगळे हसले, मीही हसले.

विसरायला सगळेच विसरतात, हे मला बारा वेळा ऐकवून झालं आहे. पण मी माझा ताळा शेजारणीशी घालत नाही, माझ्याच जुन्या कामाशी घालते. लेखा शाखेतला माणूस मागच्या वर्षीचा आकडा बघितल्याशिवाय यंदाचा सही करत नाही.

मग वाचत गेले तेव्हा कळलं की हे माझ्या एकटीचं नाही आणि नवंही नाही. १८९९ साली एमिल क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञानं मोठ्या मानसिक आजारांचे दोन भाग पाडले. एकात, म्हणजे आजच्या स्किझोफ्रेनियात, बुद्धी ढासळत जाते. दुसऱ्यात, ज्यात आजचा बायपोलर बसतो, झटका ओसरला की माणूस बहुतांशी पूर्ववत होतो, अशी ती ढोबळ मांडणी. ही समजूत पुढं शंभर वर्षं टिकली, आणि आपल्या तपासणीच्या खोल्यांत अजून टिकून आहे. दरम्यान गेल्या पंचवीस-तीस वर्षांत डॉक्टरांनी झटका नसलेल्या, शांत काळातल्या लोकांच्या चाचण्या घेतल्या. त्यात चार गोष्टी पुन्हा पुन्हा उण्या दिसल्या: ऐकलेलं लक्षात ठेवणं, लक्ष टिकवणं, विचाराचा वेग, आणि कामाची आखणी करून ते क्रमानं पार पाडणं. सगळ्यांनाच हे होत नाही, काहींची बुद्धी अगदी तल्लख राहते. पण ज्यांना होतं त्यांची नोकरी आणि संसार त्याच ठिकाणी अडखळतो. बार्सिलोनाच्या एका गटानं २००४ मध्ये दाखवलं की ऐकलेल्या शब्दांची स्मृती जितकी कच्ची, तितके त्या माणसाचे रोजचे व्यवहार कठीण.

कारणं गुंतलेली असतात, हेही कबूल. उरलंसुरलं नैराश्य असतं, मोडलेली झोप असते, रात्रीच्या गोळीची सकाळची गुंगी असते, लिथियममुळं थायरॉइड मंदावतं. माझी रात्रीची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली तेव्हा सकाळ जरा उजाडली. म्हणून तर नीट तपासणी हवी. नाहीतर माणूस आपला आपण प्रयोग करतो. मी केला आहे. एका वर्षी मार्चअखेरचं काम डोक्यात राहीना म्हणून लिथियम सोडलं. पहिले काही आठवडे डोकं आरशासारखं लख्ख वाटलं. तिसऱ्या महिन्यात मी वॉर्डात होते.

आता तक्रारी.

पहिली तक्रार मोजपट्टीची. मानसिक आजाराचं दिव्यांगत्व आपल्याकडं 'आयडियाज' या मोजपट्टीवर मोजतात. भारतीय मानसोपचार संघटनेच्या समितीनं ती तयार केली. चार क्षेत्रं: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि आकलन, आणि काम. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, त्यात आजाराच्या कालावधीचे गुण मिळवायचे, बेरीज जास्तीत जास्त वीस. आठच्या खाली बेरीज आली की टक्का ४० च्या खाली. पट्टी वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण स्मृती, वेग, आखणी यांना तिच्यात स्वतंत्र रकाना नाही. त्या 'आकलन' किंवा 'काम' यांत कुठंतरी बसवायच्या, आणि बसवायच्या की नाही हे समोरच्या डॉक्टरांच्या सवडीवर. बार्सिलोनाच्याच डॉक्टरांनी २००७ साली 'फास्ट' नावाची चोवीस प्रश्नांची यादी छापली. तिच्यात सहा भाग आहेत आणि त्यात एक सरळ बुद्धीच्या कामाचा, एक पैशांच्या व्यवहाराचा. चोवीस प्रश्नांना किती वेळ लागणार? मी बाकड्यावर तीन तास बसले होते.

दुसरी तक्रार त्या दहा मिनिटांची. शांत खोली, एक माणूस, एका वेळी एक प्रश्न. अशा ठिकाणी मीही सामान्यच आहे. माझं कार्यालय तसं नाही. तिथं फोन वाजत असतो, बिलाला कोषागाराची हरकत आलेली असते, आणि साहेब जिना उतरता उतरता सांगतात, 'मॅडम, कालचं देयक काढून ठेवा, त्या हरकतीचं उत्तर बघा, आणि शिल्लक अनुदान किती ते मला सांगा.' जिना संपेपर्यंत माझ्या हातात त्यातलं एक उरतं, बहुधा शेवटचं. खोलीबाहेर माझा नवरा बसला होता. चौदा वर्षं त्यानं हे जवळून बघितलं आहे. त्याला कोणी आत बोलावलं नाही.

तिसरी तक्रार कार्यालयांची, आणि ही मला जास्त लागली आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडून एका देयकात ४६,८०० च्या जागी ४८,६०० पडले. चूक मीच पकडली. फरक १,८०० चा, त्याला नवानं भाग जातो, म्हणजे अंक उलटे पडलेत, हे लेखा शाखेतलं जुनं शास्त्र. अर्ध्या तासात दुरुस्तीची टिपणी ठेवली. यात गंमत अशी की नवाचा नियम मला वीस वर्षांपूर्वी शिकवलेला, तो शाबूत आहे. गेलं ते दोन मिनिटं अंकावर टिकणारं लक्ष. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. उत्तरात मी पहिल्यांदा आजाराचं नाव लिहिलं आणि तीन साध्या गोष्टी मागितल्या. सूचना तोंडी न देता लिहून द्या. देयकांची तपासणी दुपारी गर्दीत न देता सकाळी पहिल्या दोन तासांत द्या. आणि आकड्यांवर दुसऱ्या माणसाची नजर फिरू द्या, जी खरं तर सगळ्यांच्याच आकड्यांवर फिरायला हवी. उत्तर आलं, '४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र सादर केल्यास विचार करण्यात येईल.'

त्या उत्तरावर सही करणाऱ्यानं कायदा उघडून पाहिला नसावा. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा 'दिव्यांग व्यक्ती' आणि 'लक्षणीय दिव्यांग व्यक्ती' असे दोन वेगळे शब्द वापरतो. ४० टक्के दुसऱ्याला लागतात. आरक्षणासारखे लाभ त्याला जोडलेले आहेत. कामाच्या जागी वाजवी सोय मिळण्याचा हक्क पहिल्याला आहे, आणि त्याच्या व्याख्येत टक्का नाही. यूपीएससीच्या परीक्षेला लेखनिक मागणाऱ्या एका उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षी डिसेंबरात केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या एका अधिकाऱ्याच्या खटल्यात न्यायालय म्हणालं की मानसिक दिव्यांगत्व असलेल्या माणसावर शिस्तभंगाची कारवाई करणं हा अप्रत्यक्ष भेदभावाचा प्रकार ठरू शकतो. निकाल लागले, त्यांच्या बातम्या आल्या. आमच्या आस्थापना शाखेपर्यंत मात्र काही पोचलं नाही. तुमचं एक परिपत्रक गेलं असतं तर पोचलं असतं, कारण आमच्याकडं निकालापेक्षा परिपत्रक जास्त वाचतात.

चौथी तक्रार 'स्टेबल' या शब्दाची. गोळ्या घेतल्या, झोप सांभाळली, चार वर्षं झटका येऊ दिला नाही, तर मंडळापुढं तीच माझ्याविरुद्धची साक्ष होते. दिल्लीच्या न्यायिक सेवेच्या परीक्षेत बायपोलर असलेल्या एका उमेदवाराला असंच परत पाठवलं होतं, तुमचं दिव्यांगत्व कायमचं नाही म्हणून. २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते रद्द ठरवलं. आजार आयुष्यभराचा आहे आणि औषधानं आटोक्यात असणं म्हणजे नसणं नव्हे, हे न्यायाधीशांना उमगलं. डॉक्टरांना उमगायला अडचण काय?

पाचवी छोटी आहे. २०२४ मध्ये एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रांवरून गदारोळ झाला. त्यात मानसिक आजाराचाही उल्लेख होता. तेव्हापासून 'मानसिक' म्हटलं की खिडकीमागचा माणूस आधी मान वर करून बघतो. बोगस प्रमाणपत्रं जरूर शोधा, माझा पाठिंबा आहे. पण ज्याची अडचण दिसत नाही तो खोटं बोलतोय असं धरून सुरुवात केली, तर खोटं बोलणारा तयारी करून येईल आणि माझ्यासारखी दोनपर्यंत वजाबाकी करून परत जाईल.

सहावी: मोजलं तरी पुढं काय, याचं उत्तर सरकारी यंत्रणेत मला तरी सापडलेलं नाही. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात आहेत. तिथं गोळ्या मिळतात, दाखल करून घेतात. माझ्यासारख्या, दाखल व्हायची गरज नसलेल्या पण कामात अडखळणाऱ्या माणसानं कुठं जायचं? स्पेनमध्ये २०१३ साली २३९ जणांवर केलेला अभ्यास छापून आला. सगळे शांत काळातले, सगळ्यांचं रोजचं जगणं अडलेलं. एका गटाला आठवड्याला दीड तास असं एकवीस आठवडे शिकवलं: यादी कशी करायची, ऐकलेलं कसं धरून ठेवायचं, कामाचे तुकडे कसे पाडायचे, हे घरच्या आणि कामाच्या उदाहरणांवरून. नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांचे रोजचे व्यवहार सुधारले. याला यंत्र लागत नाही. एक प्रशिक्षित माणूस, एक खोली, एक फळा. सगळं लिहून ठेवायची माझी शंभर पानी वही मी स्वतःच शोधून काढली, चुका खात खात. कोणी शिकवली असती तर एखादी नोटीस वाचली असती.

आणखी एक, कंसातलं म्हणा हवं तर. २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झालं. त्यात बायपोलरचं आयुष्यभरातलं प्रमाण ०.५ टक्के निघालं, हजारात पाच. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. तेव्हा आमची मोजणी ना राज्यात झाली, ना मंडळाच्या खोलीत.

माझ्या मागण्या या:

१. मानसिक आजाराच्या प्रत्येक तपासणीत स्मृती, लक्ष, वेग आणि आखणी यांविषयी स्वतंत्र प्रश्न विचारावेत व उत्तरं नोंदवावीत. मोजपट्टी केंद्राची आहे, ती तुम्ही बदलू शकत नाही, हे मला कळतं. पण तिच्यात रकाना वाढवावा असं केंद्राला लिहू शकता, आणि तोवर 'काम' या क्षेत्राचे गुण देताना या गोष्टी विचारात घ्या असं मंडळांना कळवू शकता.

२. सोबतच्या माणसाला आत बोलावून त्याचं म्हणणं लिहून घ्यावं. अर्जदाराची तयारी असेल तर कामाच्या जागेचाही लेखी तपशील घ्यावा.

३. शंका असेल तिथं बुद्धीच्या कामाची सविस्तर चाचणी चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडून करून घ्यावी, जिल्ह्यात तो नसेल तर शेजारच्या जिल्ह्यात पाठवावं, आणि खर्च अर्जदारावर टाकू नये.

४. 'सध्या लक्षणं नाहीत' एवढ्याच कारणावर टक्का कमी करू नये.

५. वाजवी सोयीसाठी ४० टक्क्यांची अट घालता येत नाही, असं परिपत्रक सर्व शासकीय आणि जिल्हा परिषदेच्या कार्यालयांना काढावं. त्यात लेखी सूचना, कामाची वेळ, दुहेरी तपासणी अशी उदाहरणं द्यावीत. उदाहरण दिल्याशिवाय आमच्याकडं नस्ती हलत नाही.

६. चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात आठवड्यातून एक दिवस असा शिकवणीचा वर्ग सुरू करावा. चार खोल्या, चार फळे.

यातली पाचवी मागणी बिनखर्चाची आहे. तिच्यापासून सुरुवात केलीत तरी चालेल.

मी पुनर्तपासणीचा अर्ज केला आहे. तारीख आली की वहीच्या पहिल्या पानावर लिहीन, नवऱ्याच्या मोबाइलवरही टाकीन. या वेळी तो आत येईल, परवानगी मिळो न मिळो दारात तरी उभा राहील. डॉक्टरांनी शंभरातून सात विचारलेच तर पासष्टला थांबेन. आणि बाहेर आल्यावर शिपायाला म्हणेन, दादा, जरा सावकाश, लिहून घेते.

आपली,
लेखा शाखेतली एक कर्मचारी

(नाव लिहिलेलं नाही. नोटिशीचं उत्तर दोन टेबलांपुरतं राहिलं. बाकी कार्यालय अजून मला फक्त थायरॉइड आहे असं समजतं. तेही खोटं नाही.)